करामत एजेंनी परत आणलेले नान

करामत एजेंबरोबर मी नऊ वर्षं काम केलं. किर्गिझस्तानातल्या आमच्या ओश शहरात झुरळं, ढेकूण, उंदीर म्हटलं की लोक त्यांचाच नंबर फिरवत. सरकारी आरोग्य केंद्रात अठरा वर्षं काढून त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं होतं. वय चोपन्न, अंगाने आडव्या, आवाज असा की ढेकूण नुसता ऐकूनच पळतील, असं त्यांचा नवरा म्हणायचा. थोरल्या बहिणीला आमच्याकडे एजे म्हणतात, पण त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना एजेच म्हणत.

फवारणीचा पंप उघडण्याआधी त्यांचे प्रश्न ठरलेले असत. इथे कोण झोपतं? कुणाला दम्याचा त्रास? बाई गरोदर आहे का? पिण्याचं पाणी कुठे ठेवता? काम संपलं की औषधाचं नाव, प्रमाण, तारीख आणि खाली स्वतःची सही असलेला कागद त्या हातात देत. दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन पाहणी करत.

"झुरळं मारायला सहीशिक्का कशाला हो एजे?" लोक हसत.

"उद्या तुझं पोट दुखलं, तर डॉक्टरला काय दाखवशील? मेलेलं झुरळ?"

बाजारात एक जण सरबताच्या बाटलीतून बिननावाचं औषध विकायचा. एजे त्याच्या टपरीसमोर उभ्या राहून गिऱ्हाइकांना परत पाठवत. तो शिव्या घालायचा, त्या ढिम्म हलत नसत.

अशा बाईच्या हातून चूक झाली, ती हमराकुलच्या भट्टीत.

हमराकुल उझबेक, नान भाजणारा, तिसऱ्या पिढीतला. त्याच्या पिठाच्या खोलीत झुरळं झाली होती. शनिवारी दुपारी आम्ही गेलो. एजेंनी विचारलं, "पीठ सगळं बाहेर काढलंस?"

"सगळं, एजे. मुलांची शपथ."

एरवी त्या कोपरा न् कोपरा स्वतः बघत. त्या दिवशी मागच्या बोळाचा पडदा त्यांनी उचलला नाही. दिवसातलं ते पाचवं काम होतं, गुडघे दुखत होते. फवारणी झाली, कागद दिला, आम्ही निघालो.

रविवारी सकाळी पाहणीला पोचलो तर तंदूर आधीच पेटलेला. त्या दिवशी एका लग्नघरी नान जायचे होते. एजे थेट आत गेल्या आणि या वेळी पडदा उचलला. मागे पिठाची दोन पोती, एक उघडं, अर्धं रिकामं. पोत्यांवर फवाऱ्याचे वाळलेले डाग.

"हे पीठ वापरलंस?"

हमराकुलचा चेहरा पडला. "ती दोन राहून गेली होती. पण अहो एजे, तंदुरात पाण्याचा थेंब टिकत नाही, तुमचं औषध काय टिकणार?"

"टिकतं की जातं, मला खात्रीने माहीत नाही. आणि खात्री नाही तिथे नान नाही. किती भाजलेस?"

"साठ. एक टोपली गेलीसुद्धा."

"गाडी काढ गं," एजे मला म्हणाल्या.

लग्नघरी जेवणाचा दस्तरखान मांडला जात होता. एजे दारातच उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाल्या, "मी करामत, फवारणीवाली. हे नान खाऊ नका. पिठावर माझं औषध पडलंय. चूक माझी आहे."

वधूचा बाप लालबुंद झाला. "आज? आजच सुचलं तुम्हाला?"

"आज सुचलं म्हणून बरं. उद्या सुचलं असतं तर काय केलं असतं?"

एका स्वयंपाकिणीने तुकडा तोडून खाल्ला होता. एजे तिला स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या, औषधाचं नाव डॉक्टरला लिहून दिलं आणि संध्याकाळपर्यंत तिच्या खाटेजवळ बसल्या. तिला काहीच झालं नाही. नान शेजारच्या दोन भट्ट्यांनी भाजून दिले आणि जेवण तासभर उशिरा का होईना, पार पडलं.

नान टाकून द्यायचे म्हणजे आमच्याकडे पापच. जमिनीवर पडलेला तुकडासुद्धा आम्ही उचलून कपाळाला लावतो. संध्याकाळी आम्ही टोपली घेऊन भट्टीवर परत आलो तेव्हा हमराकुलची म्हातारी आई रडत पुढे आली, "निदान कपाळाला तरी लावू दे गं."

"हात लावू नका, एने," एजे म्हणाल्या. एने म्हणजे आई. हातमोजे घालून त्यांनी सगळे नान पिशव्यांत बंद केले आणि एकेक पिशवी स्वतःच्या कपाळाला लावून गाडीत ठेवली. "घ्या, तुमच्या वतीने लावलं."

सोमवारी आरोग्य कार्यालयात जाऊन त्यांनी स्वतःच सगळं लिहून दिलं. मी म्हटलं, "एजे, खोटं तर तो बोलला!"

"तो नानवाला आहे. पीठ बघणं माझं काम होतं."

त्यांना लेखी ताकीद मिळाली, महिनाभर परवाना बंद. त्या गल्लीतल्या तीन भट्ट्यांनी पाठ फिरवली. हमराकुल तर रस्ता ओलांडून जायचा. एजेंनी तो महिना गुडघ्याच्या उपचारात घालवला आणि पुन्हा कामावर हजर झाल्या. आता त्यांच्या कागदावर एक ओळ जास्त होती: 'प्रत्येक कोपरा मी स्वतः पाहिला.' दिवसाला चारच कामं घ्यायची, हेही तेव्हाच ठरलं.

शरद ऋतूत हमराकुल फोनवर खाकरला. "एजे, झुरळं परत आलीत. या. पण मला काही विचारू नका, तुम्हीच सगळं उघडून बघा."

"आता कसं शहाण्यासारखं बोललास!"

पुढच्या वर्षी आरोग्य कार्यालयाने नव्या परवानेवाल्यांना शिकवायला त्यांनाच बोलावलं. पहिल्याच दिवशी त्यांनी त्या दोन पोत्यांची हकीकत सांगितली, नावासकट, स्वतःच्या. मागच्या बाकावरच्या एका बाईने विचारलं, "हे सगळ्यांना सांगायला लाज नाही वाटत?"

"वाटते की. अजूनही वाटते," एजे म्हणाल्या. "चला, हातमोजे घाला. पंप उघडून दाखवते."