फोन टीव्हीला जोडलेला होता

मुंबईच्या विमानतळावर निरोप देताना अण्णांनी मोठ्याने 'जय भीम' म्हटलं, तेव्हा मी उत्तर दिलं नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्याच कंपनीतले तिघे ट्रॉल्या घेऊन शेजारी उभे होते. मी नुसता हात हलवला. अण्णांना वाटलं, गर्दीत ऐकू गेलं नसेल. त्यांनी परत म्हटलं, आणखी मोठ्याने. मी पाठ फिरवून आत गेलो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, भुसावळला रेल्वेत फिटर होते. आमच्या घरी फोन उचलला की पहिला शब्द 'हॅलो' नसायचा, 'जय भीम' असायचा. समोरून तोच परत आल्याशिवाय अण्णा पुढे बोलायचे नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाले होते, "तिकडे कोण विचारतंय रे आपल्याला? बिनधास्त राहा."

ऑस्ट्रेलियात गोऱ्यांनी खरंच कधी विचारलं नाही. विचारलं ते पेंडल हिलच्या फ्लॅटमध्ये, आपल्याच माणसांनी, आणि तेही किती प्रेमाने: "आडनावावरून आमच्यातलेच दिसता." माझं आडनाव दोन्हीकडे चालणारं. मी हसलो. मी खोटं बोललो असं कोणी म्हणू शकणार नाही. पण ते एक हसू पुढे वीस वर्षं सांभाळावं लागलं.

मग कॅसल हिलला घर झालं. अण्णांनी टॉवेलात गुंडाळून दिलेला निळ्या सुटातला फोटो बेडरूममध्ये लावला, पाहुणे तिथे जात नाहीत म्हणून. अण्णांचा फोन आला की मी गराजमध्ये गाडीत जाऊन बसायचो. एप्रिलमध्ये आमच्या समाजातली माणसं हॉल घेऊन भीमजयंती करायची. एकदा पार्किंगपर्यंत जाऊन परत आलो. आत ऑफिसमधलं कोणी असलं तर?

करोनात सगळं बंद झालं तेव्हा मैत्रेयीला, माझ्या मुलीला, शाळेतून प्रोजेक्ट मिळालं. अमेरिकेतल्या काळ्या कुटुंबांवरच्या जुन्या विनोदी मालिका बघायच्या आणि गंभीर प्रश्न त्या हसत हसत कसे मांडतात ते लिहायचं. लॉकडाऊनमध्ये झूमवर आम्ही तीन कुटुंबं त्या एकत्र बघायला लागलो. नियम सैल झाल्यावर शनिवारी दुपारी, इथल्या भाषेत 'आर्व्हो'ला, आमच्याकडे, चहा आणि चिवडा. सगळ्यांना त्या आवडल्या. मधोमध सोफा, न विचारता घरात घुसणारे शेजारी, ओरडणारा बाप आणि त्याचं काही न ऐकणारी आई. मागे प्रेक्षक खदाखदा हसतात. आणि मध्येच घर भाड्याने द्यायला कोणी नाही म्हणतं, किंवा पोरगं शाळेत ऐकलेला एखादा शब्द घरी घेऊन येतं, आणि ते हसू थांबतं. मैत्रेयी तिथे बरोबर पॉज करायची.

भारतात दुसरी लाट आली. भुसावळला अण्णा हॉस्पिटलमध्ये होते. धाकटा भाऊ राजू रोज ऑक्सिजनचा आकडा कळवायचा. इथून देशाबाहेर पडायला परवानगी नव्हती. मित्रांना मी एवढंच सांगितलं होतं की वडिलांना ताप आहे.

त्या शनिवारी वायफाय नीट चालेना, म्हणून मैत्रेयीने माझा फोन टीव्हीला जोडला. चित्रही फोनवरून, आवाजही. भागात ऑफिसच्या पार्टीला एक गोरा सहकारी काळ्यांवर विनोद सांगतो. काळा बाप सगळ्यांबरोबर हसतो. दारात त्याचा मुलगा ट्रे घेऊन उभा असतो. मागचं हसू थांबतं. मैत्रेयीने पॉज केलं.

"अमेरिकेत हे फार होतं बाबा," निखिल म्हणाला. निखिल माझा इथला सगळ्यात जुना मित्र. "आपल्याकडे आता राहिलंय कुठे? उलट आपलीच पंचाईत. मला उद्या कोट्यातला डॉक्टर मिळाला ना, तर मी म्हणेन, साहेब, तुम्ही बसा, ऑक्सिजन माझा मी लावतो."

सगळे हसले. मीही हसलो. मैत्रेयी माझ्याकडे बघत होती.

आणि टीव्हीवर, एवढ्या मोठ्या अक्षरांत, नाव आलं: अण्णा. रिंग हॉलभर वाजायला लागली.

"अरे, वडिलांचा फोन," निखिलच म्हणाला. "घे ना. आम्ही पण बोलतो. काका कसे आहेत विचारू दे."

फोन उचलला असता तर अण्णांचा पहिला शब्द स्पीकरमधून आला असता. तो कोणता, हे त्या खोलीत फक्त मला, बायकोला आणि मैत्रेयीला माहीत होतं. टीव्हीपासून फोन तोडायचा कसा ते मला कळेना.

"बाबा, इट्स आजोबा," मैत्रेयी म्हणाली. "पिक अप."

मी कट केला. "रोजचंच आहे त्यांचं, मग करतो," म्हणालो. "लाव गं पुढे."

तिने लावलं नाही. रिमोट ठेवला आणि वर निघून गेली.

पाहुणे गेल्यावर फोन केला तेव्हा अण्णांना आयसीयूत हलवलं होतं. तिथे फोन चालत नव्हता. ते परत बाहेर आलेच नाहीत.

राजूने पुढे कधीतरी सांगितलं. अण्णांना दम लागत होता, शब्द तुटत होते. फोन लावायच्या आधी ते दोन-तीनदा 'जय भीम' म्हणून बघत होते, मला एका दमात नीट ऐकू जावं म्हणून. फोन कट झाला तेव्हा म्हणाले, "कामात असंल." राजूने हे मला दोष द्यायला सांगितलं नाही. म्हणूनच जास्त लागलं.

निखिल वाईट माणूस नाही. त्या आठवड्यात त्याच्या घरून रोज डबा आला. त्यानेच विचारलं, "तेराव्याचं कसं करायचं? ओळखीचे गुरुजी आहेत." मी म्हणालो, "राजू करतोय तिकडे." राजू जे करत होता ती बौद्ध पद्धतीची पुण्यानुमोदनाची वंदना होती. मी ती व्हिडिओवर, गराजमध्ये, आवाज बंद करून पाहिली.

मैत्रेयीने प्रोजेक्ट पूर्ण केलं. त्यात तिने माझं नाव घेतलं नाही. मला फक्त एकदा म्हणाली, "यू लाफ्ड, बाबा." आता राजूचा फोन आला की ती स्पीकरवर उचलते, समोर कोणीही असो, आणि आधी 'जय भीम, काका' म्हणते. तिचा उच्चार थोडा ऑस्ट्रेलियन आहे. राजूला तो फार आवडतो. फोटो तिने हॉलमध्ये आणून लावलाय. घर म्हणजे काय हे मला कोणी विचारलं, तर मी आता भुसावळ म्हणत नाही आणि कॅसल हिलही म्हणत नाही. ती तो फोन उचलते, तेवढा वेळ ते घर असतं.

निखिल, तू हे वाचशील. येत्या शनिवारी घरी ये. अण्णांनी मला विमानतळावर दोनदा 'जय भीम' म्हटलं, आणि हॉस्पिटलमधून एकदा म्हणायचं राहिलं. तिन्हींची उत्तरं मी देणं लागतो. आणि ती मला तुझ्यासमोर, मोठ्याने द्यायची आहेत. अजून दिलेली नाहीत.