पिलं कापायची क्लिप

आभाळ दाटलेलं होतं. अशा दमट हवेत जुन्या कॅसेटला बुरशी धरते, म्हणून जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देणारा जळगावचा नासीर सकाळपासून फिती पुसत होता. पण लक्ष ठिकाणावर नव्हतं. पाचोऱ्याच्या पितांबर नानांच्या व्हिडिओ कॅसेटची फीत काल कॉम्प्युटरवर उतरवून होताच तुटली होती. तिच्यात नानांची वारलेली बायको, सुमनबाई, केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कशी कापायची ते बायांना शिकवत होती. शेतकी शाळेला ती क्लिप हवी होती, नानांना तिचा आवाज. अन् क्लिपच सापडत नव्हती.

"सापडनी का, नासीरभाऊ?" समोर बसलेल्या नानांनी पुन्हा विचारलं.

"बघतोय, नाना."

"बठ्ठं देख, एकबी फोल्डर सोडू नको. घाबरू नको."

ते ऐकून नासीर जास्तच घाबरला. "अर्शी, 'पिलं कापणे' कुठं टाकलीस गं?" त्यानं मुलीला हाक मारली.

"कोंबड्यांच्या फोल्डरमध्ये, अब्बा. पिलं कोंबडीचीच ना?"

नाना खो खो हसले. "मनी सुमन आयकती ते तुले विळाच दाखाडती!"

नासीरनं कोंबड्यांचा फोल्डर उघडून क्लिप लावली. कॉम्प्युटरमधून सुमनबाईचा आवाज आला, "पोरीस्वन, पहिले खाले वाका..."

नानांचं हसू थांबलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. नासीरनं आवाज वाढवला, क्लिपची आणखी एक प्रत करून ठेवली आणि व्हीसीआरचं झाकण उघडून आतलं हेड साफ करायला घेतलं.