काळ्या कोटाशिवायचा कायदा

आमच्या इस्पितळाला गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवं होतं, म्हणून माझी चुलत बहीण विशालाक्षी कायदा शिकली. यापेक्षा थोर कारण नव्हतं. तपासणीला येणारे साहेब विचारतात, "तुमच्याकडे कायद्याचं जाणणारं कोण?" तेव्हा बोट दाखवायला कुणीतरी लागतं.

विशालाक्का तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची, तंजावूरच्या त्या खाजगी इस्पितळात रुग्णांच्या फायली सांभाळणारी. मी तिथेच रिसेप्शनवर. चेअरमन डॉक्टरांनी तिलाच निवडलं, कारण बावीस वर्षांत तिनं त्यांना उलटून एक शब्द विचारला नव्हता. माणसं ओळखण्यात आमचे डॉक्टर असे हुशार. रोग ओळखण्यात कसे आहेत, ते मी बोलत नाही.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, ऑनलाइन, वकील नसलेल्या नोकरदारांसाठी. पदव्युत्तर पदवी मिळते, पण तिच्या जोरावर कोर्टात उभं राहता येत नाही. वर्गात इंजिनियर, बँकेचे मॅनेजर, औषध कंपन्यांचे साहेब. कॅमेरा बंद ठेवून कुणी जेवत असे, कुणी गाडी चालवत असे. एकाचा माइक चालू राहिला आणि करारभंगावरच्या व्याख्यानात सगळ्या वर्गानं त्याचं कुत्र्याशी लाडिक बोलणं ऐकलं. या मंडळींना नावापुढे चार अक्षरं हवी होती, ती मिळाली.

अक्काला मात्र वाचायची खोड. तिनं सगळं वाचलं. शेवटच्या प्रबंधासाठी तिनं आमच्याच इस्पितळाची तीनशे संमतिपत्रं घेतली, नावं झाकून. ऑपरेशनआधी रुग्णाची सही घेतात ते कागद. सगळे इंग्रजीत. त्यांतल्या एकेचाळीस कागदांवर साक्षीदार म्हणून ज्या नर्सची सही होती, ती नर्स त्या सह्यांच्या तारखांआधी वर्षभर नोकरी सोडून सिंगापूरला गेली होती.

पदवी मिळाली तेव्हा समारंभ झाला. खांद्यावर जरीची शाल, फोटो, केबिनच्या दारावर 'कायदा अधिकारी' अशी पाटी. तपासणीला आलेल्या साहेबांपुढे चेअरमननी तिला उभं केलं. "आमच्याकडे सगळं कायद्यानं चालतं. या बघा, आमच्या विशालाक्षी मॅडम."

साहेब गेले. अक्का प्रबंध घेऊन चेअरमनच्या खोलीत गेली: संमतिपत्रं तमिळमध्ये हवीत, आणि या एकेचाळीस सह्या खोट्या आहेत.

"मॅडम, तुम्ही वकील आहात का?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

"नाही."

"मग?"

एवढंच. सकाळी ज्या पदवीनं इस्पितळ तरलं, ती दुपारी रद्दी झाली.

महिन्याभरात जवळच्या पापनाशम गावाहून सरोजा नावाची बाई आली. नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन आमच्याकडे झालं होतं. आता त्याला पुन्हा दुखत होतं आणि तिरुच्चीचे डॉक्टर जुनी फाइल मागत होते. "आतून काय काढलं तेच आम्हाला कुणी सांगितलं नाही," ती मला म्हणाली. मी तिला मॅनेजरकडे धाडलं. कार्तिक त्याचं नाव. टाय बांधतो, हा त्याचा मुख्य गुण.

"कोर्टाचा हुकूम आणा," कार्तिकनं सांगितलं. बाई भिंतीला टेकून उभी राहिली. कोर्ट कुठं असतं, हेही तिला कुणी सांगितलं नसावं.

अक्कानं तिला आत बोलावलं, एक साधा अर्ज लिहून घेतला, त्यावर तारखेचा शिक्का मारला आणि तिसऱ्या दिवशी फाइलीची नक्कल हातात दिली. पोच घेतली. त्या फाइलीतही साक्षीदार तीच, सिंगापूरची.

कार्तिक लालबुंद होऊन आला. "कुणाला विचारून दिलंत?"

"नियमाला. बहात्तर तासांत द्यावी लागते. कोर्ट लागत नाही."

"उद्यापासून तुम्ही लिननच्या स्टोअरला बसा. चादरी मोजा."

"बसते. तसं लेखी द्या. कारणही लिहा."

कार्तिक गेला तो गेलाच. लेखी काय लिहिणार? नियम पाळला म्हणून शिक्षा? दारावरची पाटी मात्र त्यानं दुसऱ्या दिवशी काढून नेली. स्क्रूची भोकं तशीच राहिली. त्या संध्याकाळी घरी जाताना मी अक्काला विचारलं, "भीती नाही वाटत गे?"

"वाटते की," ती म्हणाली. "काल जेवण गेलं नाही. पण जयू, मी बावीस वर्षं ते कागद कपाटात लावले. एकदाही वाचले नाहीत. त्याची लाज जास्त वाटते."

सरोजाच्या नवऱ्याचं तिरुच्चीला निभावलं. तिनं तक्रार केली नाही, आभाराचा फोनही केला नाही. माणसं अशीच असतात, आणि अक्कानं तशी अपेक्षाही धरली नव्हती.

त्या सहीची नक्कल बाहेर गेल्यामुळे चेअरमन मात्र घाबरले होते. त्यांनी चेन्नईहून खरा वकील बोलावला, काळ्या कोटाचा. त्यानं दोन तास फायली चाळल्या आणि अक्काचेच शब्द उच्चारले: नक्कल दिली ते बरं झालं, नाहीतर ग्राहक मंचात नाक कापलं असतं, आणि संमतिपत्रं तमिळमध्ये छापा. चेअरमननी मान डोलवत ऐकलं. कोटातून आलं की सत्यालाही वजन येतं.

तमिळ संमतिपत्रं छापून आली. मसुदा अक्काचा, खाली आभार वकिलाचे. पाटी परत लागली नाही. चेअरमनच्या जावयानं आता त्याच अभ्यासक्रमाला नाव घातलंय.

अक्का दर गुरुवारी वीस मिनिटं नर्सना शिकवते: सही घेण्याआधी रुग्णाला काय विचारायचं, त्याला कळलं हे कसं ओळखायचं. पंधराजणी बसतात. तेराजणी मोबाइल बघतात. भुवना आणि साईप्रिया तेवढ्या लिहून घेतात, आणि साईप्रियानं परवा एका सर्जनला ऑपरेशन थिएटरच्या दारात थांबवलं. "डॉक्टर, पेशंटला अजून कुणी समजावून सांगितलं नाहीये."

सर्जन भडकला. पण थांबला.