शिवेपर्यंतचं ओझं

मला कोणी खाली उतर म्हटलं नव्हतं.

चहाच्या दुकानापुढं दगडी कट्टा होता. त्यावर मी आणि माझा मित्र नरसय्या बसलो होतो. दुकानदारानं पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं धरला. एवढंच झालं. आणि मी कट्ट्यावरून उतरलो. वहाणा काढल्या. दूर सरून वाकलो आणि ओंजळ पुढं केली.

दुकानदार तांब्या धरून तसाच उभा राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं.

"आरं तिच्या. तू म्हार व्हय?"

अंगात इस्त्रीचा सदरा होता, डोक्याला काळी टोपी होती. मी सोलापुरात गिरणीत सूत काढायच्या साच्यावर उभा राहतो. वेठीविरुद्धची पत्रकं स्वतः लिहितो, स्वतः वाटतो. त्यांत मान ताठ ठेवण्याबद्दल पुष्कळ मजकूर असतो. पण माझ्या हातांनी तो कधी वाचला नव्हता. माझ्या बापानं, त्याच्या बापानं जे केलं तेच हे हात करून बसले. माझी जात मला कुणी विचारली नाही. मीच वाकून सांगितली.

दुकानदारानं तांब्यातलं पाणी कट्ट्यावर ओतलं. नरसय्या बसला होता तिथं नाही. मी बसलो होतो तिथंच.

गावाचं नाव मी लिहीत नाही. करमाळ्याकडचं एक बाजारगाव, एवढंच पुरे. नाव लिहिलं तर तिथल्या महारवाड्याला भोगावं लागेल, आणि त्यांनी माझ्यापायी आधीच भोगलंय.

आम्ही काही चळवळीसाठी गेलो नव्हतो. गिरणीला सुट्टी होती. नरसय्या विणकराचा पोरगा, घरात तेलुगू बोलणारा, मागाच्या खड्ड्यापाशीच वाढलेला. त्यानं खेडं असं कधी पाहिलंच नव्हतं. "मेंढरू जवळून बघायचं रे मला," म्हणायचा. पहाटेच्या गाडीनं आलो, स्टेशनावरून बैलगाडी मिळाली. सकाळभर आम्ही हिंडलो. टेकडीवरचं देऊळ पाहिलं, त्यानं आतून, मी पायरीखालून. बाजारात त्यानं एका धनगराच्या मेंढराला हात लावला आणि त्या मेंढरानं त्याच्या धोतराचा सोगा तोंडात धरला. आम्ही पोट धरून हसलो. त्या दिवशी हसलो ते तेवढंच.

दुकानाशेजारी चावडी होती. चावडीपुढं एका कारकुनाचं तट्टू बांधलेलं. खाली त्याची वळकटी, लोखंडी ट्रंक आणि दप्तराचं गाठोडं. त्याला पुढच्या गावी जायचं होतं आणि ओझ्याला माणूस हवा होता. आमच्याकडची रीत अशी, की सरकारी माणसाचं सामान गावच्या महारानं शिवेपर्यंत फुकट वाहायचं. तिथं पुढच्या गावचा महार उभा असतो, तो घेतो. माणसं बदलतात. ओझं खाली टेकत नाही.

त्या दिवशी पाळी होती एका म्हाताऱ्याची. तो चावडीच्या पायरीपासून लांब उकिडवा बसला होता. पायात काटा मोडून पिकलेला, पाऊल चिंध्यांत गुंडाळलेलं आणि सुजून हे एवढं झालेलं.

दुकानदार तिकडं ओरडला, "रावसाब, ह्यो बगा धडधाकट म्हार. बसलाय की हितं, टोपी घालून."

कारकून आला. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"उचल रे."

मी म्हणालो, "मी या गावचा नाही. गिरणीत काम करतो."

"गिरणीत काम केलं म्हणून जात धुतली जाते काय?"

नरसय्या उठला. ट्रंकेशी गेला, वाकला आणि तिची कडी धरली. कारकून दचकलाच. "अहो, अहो, तुम्ही कशाला? ठेवा ते. तुमचं काम नव्हे." आवाजात केवढी अदब. त्याला ओझं पोचवायचं नव्हतं. पोचवायचं असतं तर नरसय्याचं डोकं चाललं असतं. त्याला ते माझ्याच डोक्यावर पाहायचं होतं.

मी म्हणालो, "मी उचलणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. 

कारकून चिडला नाही. शांतपणे चावडीकडं तोंड करून म्हणाला, "पाटलांना सांगा, आज महारवाड्याला कुणी भाकरी घालू नये. उद्याही नको. हे शहरातले शहाणे घालतील त्यांना." गावातून मिळणाऱ्या भाकरीवरच महारवाडा जगतो.

म्हातारा फरफटत माझ्याकडं आला. त्यानं माझ्या पायाला हात लावला. माझ्या. बापाच्या वयाच्या माणसानं.

"उचल लेकरा. शिवंपत्तूर तर जायचं. तू सांजच्या गाडीनं जाशील. आमी कुटं जावं? सा घरं हायती. ल्हान ल्हान पोरं हायती."

मी त्याचा पाय पाहिला. आणि मोडलो. लपवून काय करू? म्हणालो, "द्या. नेतो मी."

कारकून हसला. "आता नाही. आता हाच नेईल. तू बघ."

दुकानदारानं ट्रंक लांबून काठीनं ढकलत म्हाताऱ्यापुढं आणली. ती त्यानं डोक्यावर घेतली, वर वळकटी, गाठोडं काखेला. मी हात पुढं केला तसा तो कळवळून म्हणाला, "हात लावू नगंस. लई केलंस."

तो चालला. मागं तट्टू. तट्टवाच्या मागं मी आणि नरसय्या. उन्हानं माळ तापलेला. चिंध्यांतून पू गळत होता, तो धुळीत उमटत होता. नरसय्या रडत होता. मला रडूही येत नव्हतं. वाटत होतं, मी तेव्हाच उचललं असतं तर. आणि वाटत होतं, उचललं असतं तर जन्मभर उचलत राहिलो असतो. दोन्ही खरं होतं. त्या दोन्हींच्या मध्ये तो म्हातारा चालत होता.

शिवेवर पुढच्या गावचा महार उभा होता. माझ्याच वयाचा. त्यानं मान पुढं केली, ओझं घेतलं, चालू लागला.

म्हातारा शिवेच्या दगडापाशी कोसळला. मी पाणी विचारलं. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"तुजं 'न्हाय' माज्या डोस्क्यावर आलं, बाबा. ऱ्हा आपल्या शहरात. पुन्यांदा येऊ नगंस."

पत्रकांत आम्ही लिहितो, वेठ नाकारा. छापायला सोपं आहे. एकट्यानं नाकारलं की ओझं शेजारच्या डोक्यावर जातं आणि भाकरी सहा घरांची तुटते. ही गोष्ट मला कुठल्या सभेत कळली नाही. एका पिकलेल्या पायामागं चालताना कळली.

म्हाताऱ्यानं येऊ नको म्हटलंय. मी जाणार आहे. संध्याकाळच्या गाडीनं परतायला नव्हे. गिरणीतल्या आमच्या खात्यातून आणि नरसय्याच्या गल्लीतून आम्ही मुठीमुठीनं ज्वारी जमवतोय. ती पोती आधी त्या सहा घरांत पोचतील, शिवेपलीकडच्या घरांतही पोचतील. मग बंद करा म्हणावं भाकरी. म्हातारा शिव्या देईल, त्या ऐकून घेईन. तो तयार होईपर्यंत त्याच्या दारातून हलणार नाही. आणि त्यांची सगळ्यांची तयारी झाली, की एकाच दिवशी दोन्ही गावांतलं एकही डोकं पुढं येणार नाही.

ट्रंक चावडीपुढं पडून राहील. ज्याची आहे त्यानं वाकावं.