कमीजास्त

मरण हा शब्द तोंडातून न काढता जीवनविमा विकणारा माणूस आख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच असावा, आणि ते म्हणजे माझ्या वडिलांचे मावसभाऊ. पालमहून एस.टी.ने ते आमच्या राणीसावरगावला यायचे, कुणाची तरी सायकल मागून घ्यायचे आणि घरोघर जाऊन हप्ते गोळा करायचे. उंबऱ्याबाहेर उभं राहून आधी विचारायचे, "सगळे खुशाल ना?" त्यावर एखादी म्हातारी हटकून म्हणायची, "काळजी तुला हाय का तुझ्या कंपनीला?" घरात कुणी तापानं पडलेलं असलं, की त्या दिवशी ते पावतीपुस्तक पिशवीतून काढत नसत. आजाऱ्यासमोर विम्याचे पैसे घेणं त्यांना अभद्र वाटायचं. तो हप्ता ते गुपचूप पदरचा भरायचे आणि पुढं महिनाभर मागायला लाजायचे.

विमा कशासाठी, हे ते एकाच वाक्यात सांगत. "उद्या काही कमीजास्त झालं तर घरच्यांना आधार." माझ्या वडिलांनी याच वाक्यावर अंगठा दिला होता.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत कॉलेज बंद होतं, म्हणून त्या वर्षी मी घरी होतो. ऐन काढणीत पाऊस लागून राहिला आणि मूग शेंगेतच काळा पडला. काका हप्त्याला आले, तर वडिलांनीच हात पुढं केला.

"औंदा लय जास्त झालं. दे आता पैसे."

"दादा, हे ते जास्त न्हाई."

"मग? कमी झाल्यावर देतेत व्हय?"

"कमी म्हणजे... पावसाचं न्हाई."

"मग कशाचं? मी तीन वर्षं काय भरायलोय ते तर कळू दे. न्हाईतर आजपासून बंद."

मागचा हप्ता आधीच थकला होता. आज पैसे मिळाले नाहीत तर विमा खरंच बंद पडणार होता, आणि वडिलांचा दमा तर गल्लीला ऐकू जायचा. नवा विमा त्यांना कुणी दिला नसता. काका घाम पुसत राहिले. फॉर्म मी वाचला होता. मला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण वडिलांच्या तोंडाकडं बघून तो शब्द माझ्याही जिभेवर येईना. कॉलेजात शिकलेलं तिथं काही उपयोगाला आलं नाही.

शेवटी काका खाली बघून म्हणाले, "समजा, मी मेलो."

दाराआडून आई एकदम बाहेर आली. "भावजी! भरल्या घरात काय बोलायलाव हे!"

"मी मेलो, तर तुमच्या जाऊबाईला कंपनी पैसे देती. दादाचं बी तसंच हाय, वहिनी."

वडिलांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मग आईला म्हणाले, "दे त्याला काय ते." आईनं दोन्ही हप्ते आणून दिले, आणि काकांच्या हातावर गूळ ठेवला. "आधी तोंड गोड करा," म्हणाली.

निघताना सायकलीजवळ ते घुटमळले. हळूच म्हणाले, "वहिनी, हे आमच्या घरी सांगू नका. ती लय घाबरती."

आईनं कधीच सांगितलं नाही. मागच्या वर्षी काकू गेल्या. आता लिहायला हरकत नाही, असं मला वाटतं.