दसऱ्याला विसावलेला फ्रीजर

रत्नमालाला राग यायला वेळ लागायचा. आला की मात्र तो तिच्याच्यानं आवरायचा नाही, दुसऱ्याच्या तर नाहीच.

ती मूळची पिशोरची. नवरा गेल्यावर दोन लेकरांना घेऊन शहरात आली, छावणीजवळच्या विश्वजीतच्या हॉटेलात भांडी घासायला लागली आणि बारा वर्षांत तिथलं स्वयंपाकघर तिच्याच हाती आलं. अन्नसुरक्षेच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला मालकानं तिलाच धाडलं आणि तिचं प्रमाणपत्र गल्ल्यामागं टांगलं. गिऱ्हाईक ते बघायचं, मालक नाही. ती मात्र शिकलेलं सगळं पाळायची. शिजवलेलं पसरट ताटात लवकर निववायचं, पिशव्या चपट्या भरायच्या, वर तारीख टाकायची. आणि एकदा वितळलं ते पुन्हा गोठवायचं नाही.

दसऱ्याला तिची सुट्टी ठरलेली. पांढरी साडी नेसून लेकरांसोबत बुद्धलेण्यांवर जायची. यंदाही गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आली तर फ्रीजरच्या झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचा हार. तसा तो सुऱ्यांनाही होता, मिक्सरलाही होता. तिनं हार बाजूला ठेवला, झाकण उघडलं आणि चिकनच्या रश्श्याची पिशवी ओढली. निघेना. वह्यांसारख्या उभ्या रचलेल्या पिशव्या एकमेकींवर बसकल्या होत्या. आतल्या जाळीचे चौकोन त्यांच्या अंगावर उमटले होते आणि तशाच त्या दगड झाल्या होत्या.

"मालक, फ्रीजर कुणी बंद केला व्हता?"

"पूजा होती ना, मावशी," विश्वजीत मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "यंत्राला एक दिवस विसावा द्यायचा असतो, आई म्हणाली. नवमीच्या संध्याकाळी बंद केला, काल संध्याकाळी चालू. बघा की, कसं घट्ट झालंय!"

"घट्ट आता झालंय. मधी ह्या उकाड्यात पाणी झालं व्हतं त्याचं."

"मग खदखदून उकळा. साठ माणसांची ऑर्डर आहे एक वाजता. त्यांच्या लेकराचा पहिला वाढदिवस आहे, नाही म्हणता येणार नाही."

"जंतू मरतील, त्यांनी सोडलेलं विष उकळून जात नाय. मला शिकायला कशाला धाडलं? भिंतीला कागद पाह्यजे व्हता म्हणून?"

"तुमच्यात पूजा नसते, म्हणून तुम्हाला राग आलाय."

तिनं ओट्यावरचं उलथनं उचललं.

"पूजा करा की, शंभरदा करा. मी काय म्हणले का? पण शेतातल्या कुळवाला विसावा दिला तर कुळव नासत नाय. ह्याच्या पोटात कोंबडी हाय!"

तिनं पिशव्या उलथन्यानं उचकटल्या, मागच्या कचऱ्याच्या ड्रममध्ये आपटल्या, कापल्या आणि वरून फिनेलची अख्खी बाटली ओतली. म्हणजे कुणी परत उचलायला नको.

"उद्यापासून येऊ नका!" विश्वजीत ओरडला.

"उद्याचं उद्या. हे ताटात गेलं असतं, तर मी त्या लेकराच्या घरी जाऊन सांगितलं असतं."

गल्ल्याशी बसलेल्या सारजाबाई, विश्वजीतची आई, उठून आत आल्या. त्या देवगाव रंगारीच्या, उभं आयुष्य शेतीत गेलेल्या. "विश्या, तिच्यावर कशाला डाफरतो? बटण मीच बंद करायला लावलं. मला काय ठावं, आत काय असतंय."

"तुम्हाला ठावं नव्हतं, आई. ह्याला व्हतं," रत्नमाला म्हणाली.

विश्वजीतनं फोन करून दीड तासाची सवड मागितली आणि पलीकडच्या शिव्या ऐकून घेतल्या. ताजी कोंबडी आली. रत्नमालानं एकटीनं ती शिजवली, भांडी दाणदाण आपटत. सारजाबाईंनी चहा आणून ठेवला. तो गार झाला, साय धरली, तिनं बघितलंही नाही. अडीचला ऑर्डर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती हजर. ये असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि येऊ नको म्हणणारा तिला बघून फोनवर बोलायच्या निमित्तानं बाहेर निघून गेला.