गया आत्याची अर्धी भाकरी

तुमच्या घरातल्या मधुमेह असलेल्या माणसानं दिवसाला किती भाकरी खायची, हे कुणी ठरवलं? डॉक्टरांनी, शेजाऱ्यानं, मोबाइलवर आलेल्या व्हिडिओनं, की माझ्यासारख्या पत्रकं लिहिणाऱ्या एखाद्या पोरीनं? उत्तराची घाई करू नका. मी केली होती. सहा आठवड्यांपूर्वी बीडच्या एका छापखान्यात मी प्रूफ तपासत बसले होते, तेव्हा मामांचा फोन आला. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. दोघं हंगामाला ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्याकडे गेलेले. "पोरी, तुझी आत्या गेली... शुगरीनं गेली." मी विचारलं, "किती वाढली होती?" ते म्हणाले, "वाढली न्हवती. उतरली व्हती."

आमच्या शिरूरच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं फार. वडील पत्रकं लिहायचे, मी लहानपणी त्यांवरच अक्षरं गिरवली, आणि ती भिंतींवर लावायचं काम वडिलांच्या या थोरल्या बहिणीचं. गव्हाच्या पिठाची खळ शिजवून, डबा काखेत मारून ती निघायची. तिला वाचता येत नव्हतं, पण लावण्याआधी ती मला पत्रक मोठ्यानं वाचायला लावायची. "न वाचता डकवलं तर आपुन निस्ते भिताडाचे गडी," म्हणायची. आणि वाचून झालं की उलटतपासणी. "रस्ता झालाच पायजे लिवलंय, पर कोन्चा रस्ता? कुनाच्या दारापस्तोर? नाव घाल की." वडील वैतागायचे, तरी नाव घालायचे. प्रत्येक वाक्याला कुणासाठी, कुणासाठी म्हणून टोचत राहणारी अशी संपादक मला नंतर कुठल्याही कचेरीत भेटली नाही.

गेल्या वर्षी उसाच्या वाळल्या पाचटानं तिच्या पायाला झालेली जखम महिनाभर भरेना, तेव्हा तपासणीत मधुमेह निघाला. दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या आणि आहाराचा छापील तक्ता मिळाला. सकाळी दोन फुलके, संध्याकाळी दोन फुलके, वाटीभर वरण, कोशिंबीर. मी तो वाचून दाखवला तर ती खो खो हसली. "फुलके? आन ते लाटायचं कुनी, डाक्टरच्या सासूनं?" आम्ही बाजरी-ज्वारीची माणसं. मग मीच तो तक्ता भाकरीत बसवायला घेतला. किराणा दुकानातल्या काट्यावर तिची भाकरी ठेवली, शेजारी विकतचे फुलके ठेवले. तिची एक भाकरी तीन फुलक्यांना भारी पडली. म्हणजे चार फुलक्यांच्या हिशेबानं दिवसाला सव्वा भाकरी तरी आली असती. वरचा तुकडा मी शिस्तीच्या नावाखाली उडवला. पत्रकात ठळक छापलं: 'दिवसाला एकच भाकरी, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. ऊस, गूळ, रस म्हणजे विष.' कर्बोदकं म्हणजे शत्रू, असं मला तेव्हा वाटत होतं, आणि शत्रूशी तडजोड नाही, हे मी पत्रकांतूनच शिकले होते. त्याच्या प्रती मी अख्ख्या टोळीत वाटल्या.

आत्यानं ते नेहमीसारखं मोठ्यानं वाचून घेतलं आणि तिचा तो प्रश्न विचारला. "हे कुनासाठी लिवलंय बाई? खुर्चीवाल्यासाठी का कोयतेवाल्यासाठी?"

मी म्हणाले, "आजार सगळ्यांना सारखाच असतो."

"आसंल. पर दीस सारखा आस्तो का? मी सकाळधरनं मोळ्या व्हायच्या, आन खायची अर्धी भाकर. कावून? मी काय चिमनी हाय?"

"आत्या, जिभेवर ताबा ठेव. पाय कापायची वेळ आणायचीय का?"

तिनं पत्रकाची घडी घातली आणि कनवटीला खोचली. एरवी तिनं माझ्याशी वाद कधी अर्ध्यावर सोडला नव्हता. म्हणाली, "तू लिवलंस म्हंजी खरंच आसंल."... हे वाक्य मी रोज ऐकते. त्यात चिडचिड नव्हती, विश्वास होता.

उसाच्या फडावरून तिचे फोन यायचे. एकदा म्हणाली, उन्हं चढली की हात थरथरतात, अंगाला गार घाम येतो, डोळ्यांपुढे काळं येतं. मी छातीठोकपणे सांगितलं, साखर वाढली असणार, आणखी थोडं कमी कर. दुसऱ्यांदा तिनं चोरी कबूल करावी तसं हळू आवाजात सांगितलं, "काल लई कसंतरी झालतं. शेवंतानं तिची भाकर दिली, तवा जरा हुशारी आली. रागावू नगंस." शेवंता तिच्या टोळीतली बाई. मी रागावले. भाकरी खाल्ल्यावर बरं का वाटलं, हा साधा प्रश्न मला पडला नाही. तिला पडला असणार. तिनं तो माझ्या भीतीनं गिळला.

पुढचं मला मामांनी आणि शेवंतानं सांगितलं. त्या सकाळी ट्रक लवकर लागला होता. आत्यानं पाचटाच्या कोपीतून, त्यांच्या झोपडीतून, निघताना गोळी घेतली आणि गाडी भरून झाल्यावर खाऊ म्हणून अर्धी भाकरी फडक्यात तशीच ठेवली. दहाच्या सुमारास ती मोळी टाकून मटकन खाली बसली. घामानं लुगडं भिजलेलं, हात कापत होते, बोलणं भलतंच. शेवंतानं ऊस सोलून एक कांडं तिच्या तोंडाशी नेलं. "माय, चोख जरा." आत्यानं मान फिरवली. शेवंतानं पुन्हा नेलं, तर मामा ओरडले, "ये बाई, शुगरीचं मानूस हाय ते! मारतीस का तिला? पत्रकात लिवलंय, ऊस ईख हाय, जहर!" शेवंतानं कांडं खाली टाकलं. नजर जाईल तिथवर ऊस उभा होता. दहा-बारा माणसं कोयते घेऊन भोवती उभी होती, आणि तिच्या तोंडात रसाचा एक थेंब गेला नाही, कारण ती माझं ऐकणारी माणसं होती. ती आडवी झाली, शुद्ध गेली. ट्रॅक्टरमधून दवाखान्यात न्यायला दोन तास लागले. साखर नको इतकी खाली गेली होती. ती परत शुद्धीवर आली नाही.

आत्याची माती उरकून मी बीडला परतल्यावर मधुमेहाच्या एका डॉक्टरांकडे गेले. पत्रक त्यांच्या टेबलावर ठेवलं, आणि हे मी लिहिलंय म्हणून सांगितलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "त्या काय काम करायच्या?" हा प्रश्न गोळ्या देणाऱ्यानं विचारला नव्हता, तक्ता छापणाऱ्यानं विचारला नव्हता, आणि मला तर तो आत्यानंच विचारला होता. डॉक्टर म्हणाले, किती कर्बोदकं खायची याचा एकच आकडा कुणालाही देता येत नाही. माणूस किती राबतो, कुठली गोळी, किती घेतो, कधी जेवतो, यावर ते ठरतं. काही गोळ्या पोटात अन्न नसलं तरी साखर उतरवत राहतात. भाकरी निम्मी केली, काम दुप्पट झालं आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर कोसळणारच. म्हणून बेबंद खायचं असंही नाही. वाढलेल्या साखरेनंच तिची जखम चिघळली होती. पण घाम, थरथर, भलतं बोलणं सुरू झालं आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर आधी साखर किंवा रस, मग पोटाला भाकरी. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

हे सगळं पत्रकाच्या चार ओळींत मावलं असतं.

तेराव्याला मी सगळ्यांसमोर उभं राहून माझी चूक सांगितली. मला वाटलं होतं, मामा मारतील, निदान शिव्या देतील. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "तू लिवलं, पर कांडं तर म्या टाकाया लावलं शेवंताला." शेवंता मोठ्यानं रडली. मला त्या क्षणी कुणीतरी माफ करावं असं वाटत होतं, आणि तसं वाटल्याचीच लाज वाटली. मामा आता एकटे जेवतात. भाकरी थापून द्यायला सून येते, आणि ते सवयीनं ती मधोमध मोडतात, अर्धी बाजूला सारतात... मग हात तसाच थांबतो.

खुर्चीत बसणाऱ्यांनी खुर्चीत बसणाऱ्यांसाठी केलेले तक्ते राबणाऱ्यांच्या हातात देणं मी यापुढे निमूट बघणार नाही, आणि त्यात पहिलं नाव माझं घालते. तुम्हाला मात्र एक काम सांगायचंय. तुमच्या घरात, गल्लीत, वाडीवर मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन अंगमेहनत करणारं कुणी असेल, तर या आठवड्यात त्यांच्याबरोबर स्वतः दवाखान्यात जा. नुसतं नाव आणि वय सांगून गोळ्या घेऊन येऊ नका. ते सकाळी किती वाजता कामाला लागतात, किती ओझं उचलतात, पहिला घास कधी पोटात जातो, हे डॉक्टरांना सांगा. त्यांची रोजची भाकरी फडक्यात बांधून न्या, टेबलावर ठेवा आणि विचारा: एवढ्या कामाला, या गोळीबरोबर, असल्या किती आणि कधी? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.